'फावला वेळ' नावाची थाप

मराठी घरात हातानं केलेल्या वस्तूचं कौतुक करायची एक ठरलेली रीत आहे. वस्तू हातात घ्यायची, उलटून बघायची, कडेला विणलेल्या क्रोशाच्या लेसवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "अय्या, किती सुरेख! फावल्या वेळात केलंत का?"

यातलं 'सुरेख' खरं असतं. 'फावल्या वेळात' ही थाप असते. आणि ही थाप निरुपद्रवी नाही. ती मारणाऱ्याचे पैसे वाचतात आणि ऐकणारीचे बुडतात. क्रोशाचा काठ हे काम आहे, ते तासांत मोजता येतं, आणि ज्याला ते विकत हवंय त्यानं त्या तासांचे पैसे दिले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं आहे. ऐकायला साधं वाटतं. प्रत्यक्षात हे म्हटलं की माणसं चिडतात. का चिडतात, तेही पुढे येईल.

कौतुकाचे दोन दर

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग केलं, आता हिंजवडीला कोड लिहितो. क्रोशा मला माझ्या आत्यानं शिकवला. २०२० साली डिग्री हातात होती, जॉइनिंग लांबणीवर पडलं होतं आणि मी मिरजेला तिच्या घरी अडकलो होतो. तिनं हातात सुई आणि उरलेल्या दोऱ्याचा गुंडा दिला आणि म्हणाली, "मोबाईल ठेव आणि शंभर साखळ्या घाल." तेव्हापासून सुई सुटलेली नाही.

आज मी कंपनीच्या बसमध्ये रुमालाला काठ विणत बसतो तेव्हा लोक फोटो काढतात. "भाई, काय क्रिएटिव्ह आहेस!" "हे म्हणजे मेडिटेशनच ना?" एकदा एचआरनं विचारलं, वेलनेस वीकमध्ये वर्कशॉप घेशील का? मानधनही देणार होते.

आत्या हेच काम तीस वर्षं करतेय. तिचे टाके माझ्यापेक्षा एकसारखे आहेत, वेग दीडपट आहे, आणि पॅटर्न बघायला तिला व्हिडिओ लागत नाही. तिला आजवर कुणी क्रिएटिव्ह म्हटलेलं मी ऐकलं नाही. ऐकलंय ते हे : "तिला काय, वेळ असतो." तिच्या हातात सुई आहे म्हणजे तिला वेळ आहे, आणि माझ्या हातात सुई आहे म्हणजे माझ्यात काहीतरी खास आहे.

सुई तीच, दोराही तोच. फरक फक्त एवढा, की माझ्या वेळेला किंमत आहे हे लोक धरूनच चालतात. महिन्याच्या शेवटी कुणीतरी ती किंमत माझ्या खात्यात जमा करतं. त्यामुळे मी तो वेळ क्रोशावर घालवला की तो त्याग, छंद, कला असं काहीतरी होतो. आत्याची वेळ मुळात उरलेली मानलेली आहे. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात कितीही चविष्ट झाला तरी भाताचे पैसे कुणी विचारत नाही, तसं.

चला, टाके मोजू

वाद भावनेवर न्यायचा नसेल तर आकडे लागतात. म्हणून एक खरं काम घेऊ.

आत्या एका दुकानासाठी बाळाच्या दुपट्यांना काठ विणायची. दुकान मऊ सुती कापडाचं, कडा शिवलेलं चौकोनी दुपटं द्यायचं, नव्वद सेंटिमीटर बाय नव्वद. दोराही दुकानाचा. आत्यानं चारी बाजूंनी तीन ओळींचा काठ विणायचा. बारशाला, डोहाळजेवणाला भेट म्हणून ही दुपटी जातात. एका दुपट्याचे तिला दीडशे रुपये मिळायचे. दुकानात ते 'हॅण्डमेड' अशी चिठ्ठी लावून नऊशेला विकलं जायचं.

आता काठ कसा बनतो ते बघा. क्रोशातले मूळ टाके थोडेच आहेत. साखळी म्हणजे नुसता फास. मुका खांब म्हणजे बुटका टाका, जितका रुंद साधारण तितकाच उंच. आणि खांब म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट उंचीचा टाका. पहिल्या ओळीत सुई थेट कापडात घुसवून मुके खांब घालायचे. बारीक दोऱ्यात एका सेंटिमीटरला तीन बसतात. एका बाजूला २७०, चार बाजूंना १,०८०. दुसऱ्या ओळीत खांब आणि साखळ्यांची जाळी, पुन्हा साधारण तेवढेच टाके. तिसऱ्या ओळीत शिंपले : दर सहा टाक्यांवर एक शिंपला, म्हणजे बाजूला ४५ आणि एकूण १८०. एका शिंपल्यात पाच खांब, टोकावर तीन साखळ्यांचा पिको, तो बंद करायचा एक टाका, आणि पुढच्या शिंपल्याला जोडणारा एक मुका खांब. झाले दहा. १८० शिंपल्यांचे १,८००.

बेरीज जवळपास चार हजार. बारीक दोऱ्यात, कापडातून सुई काढत, एकसारखा ताण ठेवून मिनिटाला दहा टाके हा चांगला वेग आहे. म्हणजे साडेसहा तासांच्या वर. चार कोपरे, दोऱ्याची टोकं आत लपवणं, धुऊन ताणून इस्त्री करणं धरा आणि सात तास म्हणा.

दीडशे भागिले सात. तासाला एकवीस रुपये. हिंजवडीत एवढ्यात कटिंग चहा येतो, बरोबर बिस्किटाचा पुडा येईल की नाही शंका आहे.

हे गणित मी आत्यासमोर मांडलं तेव्हा ती म्हणाली, "बसल्या बसल्या होतंय की रे ते." मी फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि सांगितलं, सुई हातात घेतलीस की चालू कर, ठेवलीस की बंद कर. चार दिवसांत एक दुपटं झालं. घड्याळात सात तास दहा मिनिटं होती. तिनं ती पाटी दोनदा बघितली. "एवढे?" म्हणाली. तीस वर्षांत तिचे तास तिला कुणी दाखवलेच नव्हते.

कोपऱ्यात गणित असतं

काही लोक इथे म्हणतील, ठीक आहे, वेळ जातो, पण डोकं कुठे लागतं? तर डोकं कोपऱ्यात लागतं.

सरळ बाजूवर टाके मोजत जाणं सोपं. पण दुपट्याचा कोपरा आला की ओळ नव्वद अंशांत वळते. बाहेरच्या ओळीला आतल्या ओळीपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. तिथे एकच मुका खांब घातला तर कोपरा आवळतो आणि कापड वाटीसारखं वर उचललं जातं. म्हणून कोपऱ्याच्या एकाच भोकात तीन मुके खांब घालतात. का तीनच? कारण ओळीची उंची जेवढी, त्याच्या दुप्पट लांबी प्रत्येक कोपऱ्याला वाढवावी लागते. मुका खांब जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून दोन टाके जास्तीचे. एक अधिक दोन, तीन. उंच खांबाची ओळ असेल तर चार जास्तीचे, म्हणजे पाच.

गोल वस्तूचंही तसंच. ताटावरचा गोल रुमाल सपाट राहायला हवा असेल तर मुक्या खांबांच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे आणि खांबांच्या फेरीत बारा, हा क्रोशा करणाऱ्या प्रत्येकीला पाठ असलेला नियम. त्याच्या मागे दुसरंतिसरं काही नसून शाळेतला पाय आहे. त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ दोन पायने, म्हणजे सव्वासहा टाक्यांनी वाढतो. टाका दुप्पट उंच असेल तर साडेबाराने. आत्यानं पाय हा शब्द दहावीनंतर उच्चारलेला नाही, पण तिचे रुमाल टेबलावर कागदासारखे पडतात.

आणि मुद्दाम या नियमापेक्षा जास्त टाके वाढवले तर? काठाला सपाट राहायला जागाच उरत नाही, तो लाटा घेतो. आपण त्याला झालर म्हणतो. गणितात अशा सतत फुगत जाणाऱ्या पृष्ठभागाला हायपरबोलिक प्रतल म्हणतात. ते हातात धरता येईल असं टिकाऊ प्रारूप गणितज्ञांना हवं होतं. कागदाची होती, ती फाटायची. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या मूळच्या लाटवियन गणितज्ञ डाइना तायमिन्या यांनी ते क्रोशानं विणलं. ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत गेल्या आणि विद्यार्थ्यांच्या हातात घडी घालून बघता येईल असं प्रतल आलं. विद्यापीठात त्याला संशोधन म्हणतात. मिरजेत फ्रॉकची झालर म्हणतात. दोन्हीकडे टाके वाढवायची रीत एकच.

आमच्या धंद्यात 'एज केस' असा शब्द आहे. सगळं सुरळीत चालू असताना प्रोग्राम सोपा असतो. कडेला, टोकाला, कोपऱ्यात काय होतं हे बघण्यातच खरे तास जातात आणि अनुभवी माणसाचा पगार त्यासाठीच असतो. बाजूचे टाके सहाने भागले जात नसतील तर शिंपला अर्धवट राहतो. मग आत्या मधेच कुठेतरी एक टाका जास्त घेते, एक गाळते आणि तो फरक तीस सेंटिमीटरमध्ये असा विरवते की शोधून सापडत नाही. मी हेच कोडमध्ये केलं तर त्यावर मीटिंग होते.

यंत्राला हे येत नाही

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कापड विणणं यंत्रानं केव्हाच ताब्यात घेतलं. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ साली काढलं. नक्षीदार कापडाचा जाकार्ड माग १८०४ चा. त्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवरूनच पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राला सूचना द्यायची कल्पना घेतली, म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक आजोबा माग आहे. जाळीची लेसही यंत्रावर आली.

क्रोशा मात्र आला नाही. स्वेटर विणताना ओळीतले सगळे फास एका वेळी सुयांवर जिवंत असतात. शंभर फास, शंभर सुया, एका रांगेत. यंत्राला हे आवडतं. क्रोशात एका वेळी सुईवर बहुधा एकच फास असतो. प्रत्येक टाका पुरता संपवून मगच पुढचा. आणि पुढचा टाका कुठेही, कोणत्याही कोनातून घुसू शकतो : मागच्या ओळीत, दोन ओळी खाली, शेजारच्या पोकळीत, कापडात. दर वेळी भोक शोधायचं, दोऱ्याचा ताण बोटांनी जाणवून घ्यायचा. यावर प्रयोग चाललेले आहेत, पण बाजारात 'क्रोशे मशीन' म्हणून जे विकलं जातं ते प्रत्यक्षात वेगळ्याच प्रकारची विण घालतं. ती क्रोशासारखी दिसते, एवढंच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही ऑनलाइन जो क्रोशाचा टॉप बघता तो एकतर नक्कल आहे, किंवा तो कुणीतरी हातानं विणलेला आहे. तिसरी शक्यता नाही. तो खराखुरा क्रोशा असेल आणि चारशे रुपयांना असेल, तर तो स्वस्त कसा पडला हे शोधायला कारखान्यात जायची गरज नाही. कुणाचे तरी तास त्यात फुकट गेलेत.

गंमत म्हणजे यंत्रानं हाताचं काम नेलं नाही, पण नाव नेलं. साडी घेतली की आपण 'फॉल-पिको' करायला टाकतो. पिको हा मूळ फ्रेंच शब्द, लेसच्या कडेला जे बारीक टोकदार फास असतात त्यांचा. आज गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात पिकोचा दर पाटीवर लिहिलेला असतो. तिथे घासाघीस करताना कुणी म्हणत नाही, "तुम्ही तरी दिवसभर दुकानातच बसलेले असता." मशीनच्या पिकोला दर आहे. हातानं घातलेल्या पिकोला 'वा' आहे.

नरसापूरच्या 'घरी बसलेल्या' बायका

ही थाप घराघरातली किरकोळ गोष्ट वाटत असेल तर आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला चला. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला गोदावरीच्या खोऱ्यात आणली, हळूहळू ती आसपासच्या गावांत पसरली आणि तिथली लेस युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला जीआय टॅगही मिळाला.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं : बायका घरचं सगळं काम सांभाळून रोज सहा-आठ तास लेस विणत होत्या. माल परदेशी जात होता, व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत होत होते, आणि हे व्यापारी बहुतांश पुरुष होते. पण विणणाऱ्या बाईची ओळख काय? गृहिणी. ती 'घरी बसलेली' असते आणि रिकाम्या वेळात लेस करते. कामगार म्हटलं तर मजुरी, तास, हक्क असे प्रश्न येतात. गृहिणी म्हटलं की एकही प्रश्न येत नाही. जागतिक बाजारासाठी राबणाऱ्या बाईला गृहिणी ठरवायच्या या प्रक्रियेला मीस यांनी नावच दिलं. मराठीत आपण त्याला गृहिणीकरण म्हणू.

म्हणजे 'फावला वेळ' हे नुसतं वर्णन नाही. तो एक दरपत्रकातला रकाना आहे, आणि त्या रकान्यापुढे जवळजवळ शून्य लिहिलेलं आहे.

असंच असायला हवं असा काही निसर्गनियम नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कच्या जोगिणींच्या मठांनी आणि क्लोन्ससारख्या गावांनी बायकामुलांना क्रोशाची लेस शिकवली. लेस विकून कुटुंबं जगली. तिथे क्रोशा ही भाकरी आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. मजुरी तिथेही थोडीच होती, पण निदान त्या कामाला कुणी करमणूक म्हणत नव्हतं.

आपल्याकडे या थापेचा एक सार्वजनिक सोहळाही होता : रुखवत. लग्नात टेबलावर मुलीच्या हातचे रुमाल, तोरणं, पडदे, जाळीचे मोर मांडायचे. वऱ्हाडी बायका लेसचे टाके निरखून सुनेची पारख करायच्या. टेबलावर कित्येक महिन्यांचं काम पडलेलं असायचं आणि किती तास लागले हा प्रश्न तिथे अशिष्ट ठरला असता. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानंही मिळतं. ते मांडणाऱ्याला आपण ॲडव्हान्स देतो. फावल्या वेळात केलंत का, असं त्याला एकही वरमाय विचारत नाही. मुलीच्या हातून काम सुटलं आणि बाहेर गेलं, त्याच दिवशी त्याला दर आला.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

पहिला पण : "ती मालिका बघत विणते. मग फावला वेळच झाला ना?" मी हेडफोनवर गाणी ऐकत कोड लिहितो. कंपनीनं अजून पगार कापलेला नाही.

दुसरा पण : "तिला त्यात आनंद मिळतो." मिळतो, मलाही मिळतो. बग सापडला की मलाही आनंद होतो आणि तरी एक तारखेला पगार होतो. आवडतं म्हणून कमी पैसे घ्या, हा नियम आपण क्रिकेटपटूंना लावत नाही, सर्जनला लावत नाही. तो फक्त घरात बसून काम करणाऱ्या बाईलाच का लागतो? हा आनंद आपण तिच्या बिलातून वजा करतो आहोत.

तिसरा पण : "मशीनची लेस मीटरवर किती स्वस्त मिळते!" मग ती घ्या. मी टिंगल करत नाही, चांगली असते, धुण्यात टिकते. फक्त हाताचा काठ मागून मशीनचा भाव सांगू नका.

चौथा पण : "प्रेमानं केलेल्या गोष्टीचे पैसे कसे लावायचे?" लावूच नका. मामीनं भाच्याला केलेलं दुपटं ही भेट आहे, तिथे बिल आणणारा मूर्खच. पण ज्या क्षणी वस्तूवर नऊशेची चिठ्ठी लागली, त्या क्षणी प्रेमाचा विषय संपला. प्रेमाच्या नावाखाली दुकानदाराचा नफा कशाला वाढवायचा?

शेवटचा पण सगळ्यात जड आहे, आणि तो आत्याचाच होता. "तासाचे पैसे मागितले तर काम दुसरीकडे जाईल. दीडशे तर दीडशे, भाजीचे पैसे सुटतात."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिनं तरीही पुढच्या दुपट्याबरोबर चिठ्ठी लावली : तीन ओळींचा काठ, सात तास. दुकानदार म्हणाला, "काकू, तुम्ही घरीच तर असता." मारिया मीस यांचं पुस्तक न वाचता त्यानं त्याचा सारांश सांगितला. आणि त्या दुकानाचं काम खरंच गेलं. महिन्याला सहा दुपटी व्हायची, बेचाळीस तास आणि नऊशे रुपये. आता थेट गिऱ्हाइकांकडून दोन-तीन येतात, सहाशे रुपये काठाचे, दोरा आत्याचा. पैसे थोडे जास्त येतात आणि तास निम्मे लागतात. पण एखाद्या महिन्यात एकही येत नाही. आणि ही गिऱ्हाइकं येतात, कारण तिचा भाचा फोटो काढून टाकतो. असा भाचा सगळ्यांना नसतो. तिच्या शेजारच्या दोघी अजून दीडशेनंच विणतात आणि त्यांना 'हिंमत करा' असं सांगायचा मला हक्क नाही.

म्हणूनच हा लेख विणणाऱ्या बायकांना उद्देशून नाही. भाव वाढवायची जबाबदारी ज्यांच्या हातात सगळ्यात कमी ताकद आहे त्यांच्यावर ढकलायची आणि आपण लांबून टाळ्या वाजवायच्या, यात शहाणपण नाही. हा लेख घेणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी, जे 'हॅण्डमेड' असं लिहिलं की हार्ट देतात आणि भाव ऐकला की 'लास्ट किती?' असं टाइप करतात.

मग करायचं काय

कोपरा बघा. काठ हाताचा आहे की मीटरवर आणून शिवलेला, हे कोपरा सांगतो. शिवलेली लेस कोपऱ्यात दुमडलेली, चुणलेली किंवा कापून जोडलेली असते आणि मागच्या बाजूला शिवणीची सरळ रेघ दिसते. हाताचा काठ कोपऱ्यात टाके वाढवून वळतो, आणि त्याची पहिली ओळ थेट कापडातून उगवलेली असते. हाताचा भाव द्यायचा तर आधी हाताचं काम ओळखायला शिका.

किंमत विचारण्याआधी तास विचारा. "याला किती तास लागले?" बस, एवढंच. विकणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर त्यानं विणणारीला कधी विचारलेलंच नाही. माहीत असेल तर भागाकार करा. येणारा आकडा तुम्ही स्वतःच्या एका तासाला घ्याल का, हे ठरवा.

परवडत नसेल तर ओळी कमी करा, दर कमी करू नका. तीन ओळींऐवजी दोन सांगा, शिंपल्यांऐवजी साधे पिको सांगा. सात तासांचं काम चार तासांवर येतं आणि काठ तरीही देखणा राहतो. आमच्याकडे याला स्कोप कमी करणं म्हणतात आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

ऑर्डर देताना अर्धे पैसे आधी द्या. भाड्याच्या रुखवताला देता, मग याला का नाही?

आणि कुणी तुम्हाला काठ विणून भेट दिला तर पैशाचं काढू नका. फक्त ते एक वाक्य गिळा. 'फावल्या वेळात केलंत का' याऐवजी विचारा, "कोपरे कसे वळवलेत?" समोरची बाई आधी दचकेल, मग दहा मिनिटं बोलेल. ऐकून घ्या. मग आपण हातात काय धरलंय ते तुम्हाला कळेल.